उपासना वर्षाप्रमाणे उपदेश: लुथरन पद्धतीने वर्षाची आखणी आणि आठवड्याची तयारी

आगमनकाळाच्या (नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारी वेदीवर जांभळे कापड येते, पहिली मेणबत्ती पेटते, आणि उपदेश मात्र ‘नाताळ जवळ आला, घराबरोबर मनही स्वच्छ करा’ असा होतो. लेंतकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या पश्चात्तापाच्या काळात, उपवासाचे नियम सांगितले जातात. ईस्टरला एक दिवस जल्लोष होतो. पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, त्यानंतरच्या सहा महिन्यांत ज्याला जो विषय सुचेल तो. हे सगळे मनापासून आणि मेहनतीने केलेले असते. तरी वर्षाअखेर मंडळीच्या पदरात पडतात त्या मुख्यतः सूचना. ख्रिस्ताने आपल्यासाठी काय केले हे ऐकायला आलेला माणूस आपण काय करावे याची यादी घेऊन घरी जातो.

चूक बहुधा एकाच जागी होते: ऋतूलाच उपदेशाचा विषय समजले जाते. लुथरन पद्धतीत, म्हणजे मार्टिन लूथरच्या परंपरेत, ऋतू शास्त्रपाठ देतो. ख्रिस्ताचे कोणते काम या रविवारी, या माणसांना द्यायचे, ते त्या पाठातून ठरते. पुढचे टप्पे पाळक, उपदेशाची जबाबदारी असलेले वडीलजन आणि संडे स्कूलचे शिक्षक यांच्यासाठी आहेत. उदाहरणे २९ नोव्हेंबर २०२६ रोजी सुरू होणाऱ्या वर्षाची घेतली आहेत. क्रम मोडू नका. नंतरचा प्रत्येक टप्पा आधीच्यावर उभा आहे.

## टप्पा १: आधी तारखा, मग बाकी सगळे

एक जाड वही घ्या आणि प्रत्येक रविवारला एक पान द्या. पहिली तारीख ईस्टरची लिहा, कारण वर्षाचा अर्धा भाग तिच्यावर टांगलेला आहे. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे. तिथून मागे-पुढे मोजा:

- राखेचा बुधवार (लेंतकाळाचा पहिला दिवस): ईस्टरच्या ४६ दिवस आधी, १० फेब्रुवारी
- झावळ्यांचा रविवार २१ मार्च, उत्तम शुक्रवार २६ मार्च
- स्वर्गारोहण दिन: ईस्टरपासून ३९ दिवसांनी, गुरुवार ६ मे
- पेंटेकॉस्ट: ४९ दिवसांनी, १६ मे
- त्रैक्य रविवार २३ मे

आगमनकाळाचा पहिला रविवार नेहमी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळचा तो रविवार. प्रकटीकरणाचा सण (एपिफनी) ६ जानेवारीला, २०२७ मध्ये बुधवारी. त्यानंतर लेंतकाळापर्यंत पाच रविवार मिळतात आणि शेवटचा, ७ फेब्रुवारीचा, प्रभूच्या रूपांतराचा.

तपासा: लेंतकाळाचे ४० दिवस मोजताना रविवार धरत नाहीत. तुमच्या मोजणीत ४६ येत असतील तर ती बरोबर आहे. ४० मोजून राखेचा बुधवार काढला असेल, तर तो मंगळवारी पडलेला दिसेल.

आता त्याच पानांवर गावाचे वेळापत्रक भरा. दहावी-बारावीच्या परीक्षा लेंतकाळात येतात, त्यामुळे बुधवारच्या संध्याकाळच्या उपासना उशिरा ठेवून चालत नाही. पेंटेकॉस्ट मेच्या सुट्टीत येतो आणि शहरातली निम्मी मंडळी गावी असते. एवढा मोठा सण म्हणूनच हातातून निसटतो. तो लक्षात ठेवून गायनमंडळ आणि वाचक एप्रिलमध्येच ठरवा.

## टप्पा २: पाठक्रम एकच निवडा

पाठक्रम म्हणजे कोणत्या रविवारी कोणते शास्त्रपाठ वाचायचे याची ठरलेली यादी. लुथरन मंडळ्यांत दोन वाटा आहेत. जुना एकवर्षीय पाठक्रम दरवर्षी तेच पाठ देतो आणि रविवार ‘त्रैक्यानंतरचे’ म्हणून मोजतो. त्रैवार्षिक पाठक्रम मत्तय, मार्क, लूक असा फिरतो आणि ‘पेंटेकॉस्टनंतरचे’ रविवार मोजतो. पुष्कळ मंडळ्या सुधारित सामायिक पाठक्रम (अनेक पंथ वापरतात तो त्रैवार्षिक क्रम) वापरतात. मिझुरी सिनड या अमेरिकेतील लुथरन मंडळीसंघाचा स्वतःचा त्रैवार्षिक पाठक्रम आहे आणि त्यात काही रविवारी पाठ वेगळे येतात. तुमच्या मंडळीत जो चालतो तोच घ्या.

२०२६-२७ हे त्रैवार्षिक क्रमातले ‘ब’ वर्ष, म्हणजे मार्काचे. मार्काचे शुभवर्तमान आखूड असल्यामुळे मध्येमध्ये योहान येतो. ईस्टरच्या सात आठवड्यांत पहिला पाठ जुन्या कराराऐवजी प्रेषितांच्या कृत्यांतून असतो. वाचकाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने यशया उघडून उभा राहतो. पेंटेकॉस्टनंतर जुन्या कराराच्या पाठासाठी सामायिक पाठक्रमात दोन मालिका आहेत: एक सलग कथा सांगणारी, दुसरी त्या दिवशीच्या शुभवर्तमानाशी जुळणारी. उपदेश शुभवर्तमानावर करणार असाल तर दुसरी घ्या.

सावधान: आवडता पाठ घ्यायला एखाद्या रविवारी पाठक्रम सोडणे ही लहान गोष्ट वाटते. पण नेमलेला पाठ उपदेशकाला त्याने स्वतःहून कधीच निवडली नसती अशी वचने हाताळायला लावतो, आणि मंडळीला उपदेशकाच्या आवडीनिवडीपासून वाचवतो. माझ्या मते पाठक्रमाचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

## टप्पा ३: प्रत्येक काळासाठी एक पान

आठवड्याच्या तयारीला लागण्याआधी प्रत्येक काळाचे एक पान भरा. वर एकच प्रश्न लिहा: या काळात ख्रिस्त आपल्यासाठी काय करतो? ‘या काळात आपण काय करावे?’ हा प्रश्न पानाच्या तळाशी, आणि त्याचे उत्तर वरचे भरल्यावरच. शुभवर्तमानात ख्रिस्ताला आधी देणगी म्हणून स्वीकारावे, उदाहरण म्हणून नंतर, हे लूथरने आपल्या उपदेशसंग्रहाच्या सुरुवातीलाच उपदेशकांना बजावले होते. क्रम उलटला की ख्रिस्त दुसरा मोशे, म्हणजे नुसता नियम देणारा, होतो.

आगमनकाळ सर्वांत जास्त बिघडतो. पाठ पाहा: पहिल्या रविवारी मार्क १३, म्हणजे प्रभूचे पुन्हा येणे. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान. मरीयेला देवदूताचा निरोप येतो तो थेट चौथ्या रविवारी, २० डिसेंबरला. गव्हाणी अजून कुठेच नाही. तरीही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ख्रिसमस ट्री, कॅरल सिंगिंग, संडे स्कूलचे नाटक सुरू होते आणि २५ तारखेला सगळे थकून गेलेले असतात. कॅरल फेरी बंद करा असे मी म्हणणार नाही. घरोघरी ती आनंद नेते. पण रविवारच्या उपासनेत आगमनकाळाची गीते ठेवा, आणि नाताळची गीते नाताळच्या बारा दिवसांसाठी राखा. या काळात ख्रिस्त तीन प्रकारे येतो: देह धारण करून आला, वचनात आणि प्रभुभोजनात आज येतो, गौरवाने येणार आहे. मधले येणे उपदेशातून गळते. तेच मंडळीला त्या सकाळी मिळणारे असते.

लेंतकाळ. ‘ब’ वर्षात पहिल्या रविवारी मार्क १:९-१५ येतो. रानात मोहाला तोंड देणारा येशू इथे आपल्या जागी उभा आहे. त्याला उपवासाच्या शिबिराचा प्रशिक्षक करू नका. उपवासाबद्दल मंडळी विचारेलच. उत्तर लूथरच्या लहान कॅटेकिझममध्ये, म्हणजे मूलभूत शिकवणीच्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेत आहे: उपवास आणि शरीराची तयारी हे चांगले बाह्य वळण आहे, पण ‘तुमच्यासाठी’ या शब्दांवर ज्याचा विश्वास आहे तोच प्रभुभोजनाला खरा योग्य. म्हणजे उपवास करणाऱ्याला थांबवू नका आणि न करणाऱ्याला खाली पाहायला लावू नका.

ईस्टर पन्नास दिवसांचा आहे. दुसऱ्या रविवारी, ४ एप्रिलला, उपस्थिती ओसरते आणि पाहुण्या वक्त्याला बोलावण्याचा मोह होतो. त्याच दिवशी योहान २०:१९-३१ येतो: बंद दारांआड घाबरलेले शिष्य, प्रभूची शांती, पापक्षमेचा अधिकार आणि थोमा. हा पाठ पाळकाने स्वतः सांगावा.

नाताळ, प्रकटीकरण आणि पेंटेकॉस्ट यांच्या पानांवर फार अडत नाही. तिथे पाठ स्वतःच ख्रिस्ताकडे आणि त्याने पाठवलेल्या आत्म्याकडे बोट दाखवतो.

पेंटेकॉस्टनंतरचा हिरवा काळ त्रैक्य रविवार धरून २७ रविवारांचा आहे, २१ नोव्हेंबरपर्यंत. पेरणी, शाळा, पाऊस, गणपती, दिवाळी सगळे यात. २५ जुलै ते २२ ऑगस्ट असे सलग पाच रविवार सामायिक पाठक्रमात योहानाचा सहावा अध्याय आहे आणि उपदेशक इथे दमतात. आधीच वाटणी करून ठेवा:

- २५ जुलै: पाच हजारांना भाकरी, देणारा तोच
- १ ऑगस्ट: पोट भरले म्हणून शोधणारे लोक, आणि ‘देवाचे काम’ म्हणजे विश्वास ठेवणे
- ८ ऑगस्ट: कुरकुर करणारे, आणि पिता आकर्षून घेतो
- १५ ऑगस्ट: जगाच्या जीवनासाठी दिलेला देह
- २२ ऑगस्ट: पुष्कळ जण सोडून जातात, ‘कोणाकडे जावे’ हे पेत्राचे उत्तर

लूथर हा अध्याय प्रामुख्याने विश्वासाने खाण्याविषयी वाचत असे. म्हणून पाचही रविवार प्रभुभोजनाची शिकवण देण्यात घालवू नका. त्यासाठी पवित्र आठवड्यातला गुरुवार आहे.

सावधान: १५ ऑगस्ट २०२७ रविवारीच आहे. स्वातंत्र्यदिनाचे भाषण उपदेशाच्या जागी येऊ देऊ नका. देशासाठी, सत्ताधाऱ्यांसाठी, न्यायासाठी मध्यस्थीच्या प्रार्थनेत भरपूर जागा आहे आणि ती नीट तयार करून वापरावी. ६ डिसेंबर २०२६ चेही तसेच. महापरिनिर्वाण दिन त्या रविवारी आहे, आणि आपल्या अनेक मंडळ्यांत डॉ. आंबेडकरांचे ऋण घराघरात मानले जाते. प्रार्थनेत कृतज्ञतेने त्यांचे स्मरण करा, अस्पृश्यतेच्या पापाचे नाव घ्या. उपदेश मात्र पाठातूनच निघू द्या.

## टप्पा ४: आठवड्याचा क्रम

### सोमवार-मंगळवार: फक्त पाठ

पाठ मोठ्याने वाचा, दोन मराठी भाषांतरांत. भाष्यग्रंथ, मोबाइल, इतरांचे उपदेश हे सगळे बुधवारपर्यंत बंद. आधी पाठाच्या पुढची-मागची दहा-दहा वचने वाचा, कारण पाठक्रम कापतो तिथे पुष्कळदा अर्थ अर्धा राहतो.

### बुधवार: नियमशास्त्र आणि सुवार्ता वेगळी काढा

दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. देव जिथे मागतो, उघडे पाडतो, दोषी ठरवतो तिथे एक रंग. देव जिथे देतो, वचन देतो, क्षमा करतो तिथे दुसरा. एकाच वचनावर दोन्ही रंग येऊ शकतात.

६ डिसेंबरचा पाठ घेऊन पाहू: मार्क १:१-८, सोबत यशया ४०:१-११. नेहमीचा उपदेश असा होतो: ‘प्रभूची वाट नीट करा. तुमच्या मनातले दगड काढा, वैर मिटवा, मग प्रभू येईल.’ ऐकायला चांगले वाटते, पण मग ज्याच्या घरातले वैर मिटलेच नाही त्याच्याकडे प्रभू येणार नाही, असा अर्थ होतो. आता यशयाचा क्रम पाहा. वाट तयार करण्याची हाक तिसऱ्या वचनात आहे. दुसऱ्या वचनात आधीच जाहीर झाले आहे की यरुशलेमेच्या अधर्माची क्षमा झाली. क्षमा आधी, वाट नंतर. मार्कामध्येही तेच दिसते. यार्देनेवर उभे असलेले लोक आपली वाट सरळ करून आलेले नाहीत, ते आपली पापे कबूल करीत आले आहेत. आणि पाठ आठव्या वचनाला संपला तरी नववे वाचा: त्याच पाण्यात, त्याच पाप्यांच्या रांगेत येशू उतरतो.

तेव्हा नियमशास्त्र इथे आरशाचे काम करते: आपण वाट करूच शकत नाही, डोंगर आपल्याच्याने हलत नाही. सुवार्ता: जो येणार होता तो चालत पाण्यापर्यंत आला, आणि तुमच्या बाप्तिस्म्यात तुमच्यापर्यंतही.

तपासा: नियमशास्त्राच्या भागात ‘ते’ येतात की ‘आपण’? परूशी, आजची तरुण पिढी, इतर पंथ, टीव्ही पाहणारे लोक यांच्यावर बोट रोखले असेल तर ते काम अजून झालेले नाही. समोर बसलेल्या, दर रविवारी येणाऱ्या माणसाला ते लागले पाहिजे.

### गुरुवार: एक वाक्य, मग लेखन

लिहिण्याआधी एका वाक्यात सांगा: ‘या पाठात देव ख्रिस्ताद्वारे ___ देतो.’ रिकाम्या जागी नाम येऊ द्या: क्षमा, शांती, भाकरी, नवे हृदय. तिथे ‘शिकवतो’ किंवा ‘प्रेरणा देतो’ लिहावेसे वाटले तर बुधवारच्या कामाकडे परत जा.

मग उपदेश पूर्ण लिहा, मुद्द्यांवर थांबू नका. व्यासपीठावर कागद न्यायचा की नाही हे नंतर ठरवा. सुवार्तेचा भाग शेवटच्या दोन मिनिटांत उरकणे हा सर्वांत मोठा दोष, कारण पाप सांगताना उदाहरणे सुचतात आणि कृपा सांगताना शब्द तेच तेच होतात. म्हणून सुवार्तेचा भाग आधी लिहा. ‘देव प्रेम करतो’ एवढ्यावर थांबू नका. पाठातल्या शब्दांनी सांगा, आणि ‘तुम्ही’ म्हणून थेट सांगा: तुमची पापे ख्रिस्तामुळे क्षमा झाली आहेत.

### शुक्रवार: शेवटचा परिच्छेद तपासा

‘म्हणून आजपासून आपण निश्चय करू या’ हे वाक्य शोधा. ते शेवटी असेल तर उपदेशाच्या मध्यात हलवा किंवा काढा. शेवटचा शब्द सुवार्तेचा असू द्या. निश्चयाने संपणारा उपदेश ऐकणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या इच्छाशक्तीवर सोडून जातो.

मग चांगली कृत्ये कुठे गेली? ती सुवार्तेतून उगवतात, आणि त्यांची जागा माणसाच्या रोजच्या पाचारणात, म्हणजे देवाने नेमून दिलेल्या कामात आणि नात्यांत आहे. उदाहरणे तिथूनच घ्या: रात्रपाळीची नर्स, ऊसतोडीला गेलेले कुटुंब, सासूची शुश्रूषा करणारी सून, व्याजाने पैसे देणारा दुकानदार. ‘साक्षी जीवन जगा’ अशा सर्वसाधारण वाक्यापेक्षा ‘उसने घेतलेले पैसे परत करा’ हे बोलणे शेजाऱ्याच्या जास्त उपयोगी पडते.

### शनिवार: मोठ्याने वाचा

घड्याळ लावून. वीस मिनिटांच्या वर जात असेल तर कापा, पण सुवार्तेतून नको. नवीन उदाहरण शनिवारी रात्री घुसडू नका. नंतर पाळकाने किंवा गायनमंडळाच्या प्रमुखाने गीते एकदा पडताळावीत: लेंतकाळात ‘हालेलुया’ असलेली गीते वगळतात, ईस्टरला ती परत येतात. हा बदल मुलांनासुद्धा कळतो.

## टप्पा ५: घरापर्यंत

रविवार आणि सोमवार यांच्यात पूल हवा, आणि तो लांबलचक कौटुंबिक उपासनेने होत नाही. ती तिसऱ्या दिवशी बंद पडते. प्रत्येक काळासाठी घरांना एकच गोष्ट द्या.

आगमनकाळात रात्री जेवणाआधी त्या रविवारच्या पाठातली दोन वचने आणि एक मेणबत्ती. लेंतकाळात लहान कॅटेकिझम: पहिल्या पाच आठवड्यांत दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली आणि क्षमा, पवित्र आठवड्यात प्रभुभोजन. ईस्टरच्या काळात घरातल्या प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याची तारीख शोधून लिहून ठेवणे. अनेकांना ती माहीत नसते, आणि आजीकडून ती काढून घेताना जे बोलणे होते ते फार मोलाचे असते. हिरव्या काळात सकाळ-संध्याकाळची लूथरची लहान प्रार्थना पुरे.

सावधान: कोणी काय केले याचा हिशेब पुढच्या रविवारी विचारू नका. हजेरी सुरू झाली की कृपेच्या साधनाचे ओझे होते. जे घर मागे पडले त्याला त्या आठवड्यापासून पुन्हा सुरू करायला सांगा, राहिलेले भरून काढायला नको.

## टप्पा ६: उपदेशानंतर वहीत

रविवारी दुपारी, झोपण्याआधी, त्या पानावर चार गोष्टी लिहा: गुरुवारचे एक वाक्य, सुवार्तेची नेमकी शब्दरचना, वापरलेली उदाहरणे, आणि कोणी काय विचारले. प्रश्न शब्दशः लिहा. ‘पाळकसाहेब, मग मी जेवू नको का उपवासाला?’ असा प्रश्न उपदेश कुठे चुकीचा ऐकू गेला ते सांगतो, आणि त्याचे उत्तर त्याच आठवड्यात घरी जाऊन द्यावे.

मार्काचे वर्ष पुन्हा २ डिसेंबर २०२९ ला सुरू होईल. तेव्हा ही वही उघडा, पण सोमवार-मंगळवार होऊन गेल्यावर. जुने वाक्य पाहण्याआधी पाठ पुन्हा मोठ्याने वाचून झालेला असावा.